कुलूपबाई तुमिनी

बुलिक तुमिनीला माफ करता येत नाही. काही जणांना शिट्टी वाजवता येत नाही, तसं. बुलिक म्हणजे मावशी, माझ्या आईची धाकटी बहीण. ईदनंतरच्या पहिल्या सोमवारी आमच्या संगणकांच्या मॉलमधले सगळे दुकानदार एका रांगेत उभे राहतात आणि एकमेकांचे हात हातात घेऊन "कळत-नकळत चुकलं असेल तर माफ करा" म्हणत पुढं सरकतात. बुलिकही उभी राहते. पण रांग सरकत सरकत तळमजल्यावरच्या पाक बास्कोरोपर्यंत, म्हणजे बास्कोरोरावांपर्यंत, आली की नेमकी तिच्या चपलेची पट्टी सुटते. सात वर्षं सुटत होती. चपला नव्या घेतल्या तरी सुटायची.

"पट्टी लावायला तुला तेवढाच मुहूर्त सापडतो का गं?" आई विचारायची.

"तो कशाबद्दल माफी मागतो ते सांगत नाही," बुलिक म्हणायची. "हवेतल्या माफीचं मी काय करू? लोणचं घालू?"

बुलिकचं दुकान म्हणजे दुसऱ्या मजल्यावर, जिन्याच्या तोंडाशी एक टेबल, एक काचेचं कपाट आणि दोन स्टुलं. सरकता जिना वर्षातले आठ महिने बंद असतो, त्यामुळं चढून आलेला प्रत्येक जण तिच्या टेबलापाशी दम खायला थांबतो. सगळ्या मॉलमध्ये अशी जागा दुसरी नाही. तिथं बसून ती शाळांना, छापखान्यांना, इंटरनेट कॅफेवाल्यांना संगणक जोडून देते. बहुतेक स्वस्तातले. "वेग वाढवता येणारा प्रोसेसर हवाय, बू" असं म्हणत कुणी आला (बू म्हणजे बाई) की ती स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवते आणि रुजाकवर, म्हणजे मिरच्या कुटून कालवलेल्या फळांवर, येते.

"रुजाक खातोस?"

"खातो की."

"रुजाकवाली कुटायच्या आधी काय विचारते?"

"मिरच्या किती घालू."

"आणि शाळेच्या कँटीनमध्ये कोण विचारतं?"

"कुणी नाही."

"झालं तर मग. स्वस्तातला प्रोसेसर म्हणजे कँटीन. आत एक ठोका असतो, त्याला एका आकड्यानं गुणलं की वेग निघतो. तो आकडा कारखान्यातच कुलूप लावून पाठवतात. महागातला म्हणजे रुजाकवाली, आकडा तू सांगशील तो. पण जास्त मिरच्यांनी पोट कोणाचं जळतं? खोक्यात पंखा येत नाही, तो वेगळा घ्यायचा, तोही भोपळ्याएवढा. बोर्ड भारीतलं लागतं. साध्या बोर्डात बसवलास तर किल्ली हातात आणि दारच नाही. वीज खातो ती वेगळीच. तू करतोस काय संगणकावर?"

"गेम खेळतो. आणि शाळेचं."

"शाळेचं आधी म्हणायचं. बंद घे. पंखा खोक्यातच आहे. उरलेल्या पैशात चांगलं ग्राफिक्स कार्ड घे, आईला सांग अभ्यासाचं आहे."

मोकळ्या प्रोसेसरचं आणखी एक आहे, आणि आमच्या गोष्टीत सगळं त्याच्यावरच आहे. एकाच कारखान्यातून एकाच दिवशी निघालेले दोन मोकळे प्रोसेसर सारखे नसतात. एक हसत हसत पाच गिगाहर्ट्झच्या पुढं पळतो, दुसरा एक पायरी चढला की धापा टाकून पडतो. खोक्यावर दोघांचं नाव एकच, किंमत एकच. बसवून चालवल्याशिवाय कळत नाही. बंद प्रोसेसर असं कुणी चालवून बघत नाही. बघून मिळणार काय? म्हणून बुलिक म्हणते, बाजारात हात न लागलेलं काही मिळत असेल तर ते स्वस्तातलंच.

पाक बास्कोरोचं दुकान तळमजल्यावर, मुख्य दारासमोर. नाव 'पुंचाक', म्हणजे शिखर. त्याचा आवाज काढायचा असेल तर आधी घसा साफ करायचा, मग नारळाच्या दुधात गूळ विरघळावा तसं हळू बोलायचं आणि प्रत्येक वाक्याच्या शेपटीला "नाही का?" लावायचं. "आपण सगळे एका कुटुंबातले, नाही का?" दुकानात त्याचा स्वतःचा माइक आहे. शनिवारी तो त्या माइकवरून सवलती जाहीर करतो आणि तळमजल्यापासून चौथ्या मजल्यापर्यंत सगळ्यांना ऐकू जातं.

सात वर्षांपूर्वी मास पंजी नावाचा लग्नाच्या फिल्मा जोडणारा माणूस बुलिककडं आला. त्याला खरोखरच मोकळा प्रोसेसर हवा होता. एकेक लग्नाची फिल्म संगणकातून बाहेर पडायला त्याची दुपारच्या दुपार जायची. बुलिकनं 'पुंचाक'मधून सीलबंद खोकं घेतलं, भारीतलं बोर्ड घेतलं, भोपळ्याएवढा पंखा घेतला. आकडा एकानं वाढवला, पडदा निळा. विजेचा दाब थोडा वाढवला, पुन्हा निळा. कारखान्याच्या वेगाच्या वर तो इंचभर हलेना. तिनं पंखा उतरवला, आपली पांढरी पेस्ट पुसली, आणि प्रोसेसरच्या झाकणाच्या कडेखाली तिला केसाएवढी करड्या पेस्टची रेघ दिसली. तिच्याकडं करडी पेस्ट नव्हतीच कधी. म्हणजे हा प्रोसेसर तिच्याआधी कुणीतरी चालवून बघितला होता, तो मंद निघाला, आणि पुन्हा खोक्यात घालून सील चिकटवलं होतं.

ती तो तळहातावर घेऊन खाली गेली. शनिवारची दुपार, दुकान गच्च.

"पाक, हा उघडलेला होता. ही बघा पेस्ट."

पाक बास्कोरोनं प्रोसेसर उचलला, उजेडात धरला, अंगठा कडेवरून फिरवला आणि परत दिला.

"कुठंय?" तो म्हणाला.

 बुलिक आजही हे सांगताना तिथं येऊन थांबते आणि आपल्याच अंगठ्याकडं बघते.

पाकनं माइक उचलला. "मंडळी, आमच्या तुमिनीबाईंच्या हाताला बंद प्रोसेसरची सवय, नाही का? मोकळा दिला तर साध्या बोर्डात बसवला असेल. आता किल्ली असून कुलूप उघडता येत नसेल तर दोष किल्लीचा की बाईंचा? आजपासून यांना बू गेम्बोक म्हणू या, नाही का?"

गेम्बोक म्हणजे कुलूप. चार मजले हसले. संध्याकाळपर्यंत पार्किंगवाला म्हणत होता, "काय कुलूपबाई, आज लवकर?" महिन्याभरात सामान पोचवणारे तिच्या पार्सलांवरही तेच नाव लिहायला लागले, कारण तुमिनी म्हटलं तर मॉलमध्ये कुणाला कळेना. मास पंजीला तिनं घरचा स्वतःचा संगणक देऊन टाकला. तो घेऊन गेला आणि परत आलाच नाही. दोन शाळांनी पुढच्या वर्षीची कामं दुसऱ्यांना दिली. ज्या बाईला साधा प्रोसेसर बसवता येत नाही, तिच्याकडून चाळीस संगणक कोण जोडून घेईल?

आईचं म्हणणं होतं की विसरावं. बुलिकचं म्हणणं होतं की आधी वाचावं.

प्रत्येक प्रोसेसरच्या झाकणावर एक बारीक नंबर कोरलेला असतो आणि तोच नंबर खोक्याच्या चिठ्ठीवर छापलेला असतो. एकदा वर पेस्ट लागली आणि पंखा बसला की तो कोरलेला नंबर कुणी बघत नाही. बुलिक बघायला लागली. 'पुंचाक'मधून घेतलेला कुठलाही संगणक दुरुस्तीला आला की ती पंखा उतरवायची, झाकण पुसायची आणि गिऱ्हाइकाला म्हणायची, "खोकं असेल घरात तर घेऊन या." लोकांना वाटायचं, बाई फार शिस्तीच्या. सात वर्षांत अशी तीसेक खोकी तिच्या टेबलावर आली. जुनी असली तर नंबर जुळायचे, कडेला कधी करडी रेघ असायची. त्या शनिवारनंतरच्या एकाही प्रोसेसरला रेघ नव्हती. पण नंबर चुकत होते. झाकणावर एक, खोक्यावर भलताच.

ती हे सांगायला आमच्या घरी आली तेव्हा आईच्या वाडग्यातला चमचा काढून घेऊन तिनं टेबलावर नकाशाच काढला, रवोनच्या काळ्या रश्शाचा. मेजवानीत मंत्री बोलतात तशी बोलत होती. "माझ्या त्या रेघेनं तो घाबरला. आता चालवून बघितलेले सगळे प्रोसेसर एका थाळीत ठेवून स्पिरिटनं पुसतात. बारा-पंधरा एकदम. चांगले पळणारे बाजूला निघतात, ते तो ओळखीच्यांना चढ्या भावानं देतो. उरलेले मंद परत खोक्यात. पण कुठला कुठल्या खोक्यातला होता हे थाळी सांगत नाही."

"मग जाऊन सांग मॉलवाल्यांना."

"माझ्या हातातलं सांगू? माझ्या हातातलं तो अंगठ्यानं पुसतो. म्हणेल मीच अदलाबदल केली." तिनं चमचा चाटून परत वाडग्यात ठेवला. "दुसऱ्यांच्या हातातलं हवं. पुष्कळांच्या. एकाच वेळी."

आमच्या मॉलमध्ये दर वर्षी वेगाची स्पर्धा होते. प्रत्येकानं आपला प्रोसेसर आणायचा, सगळ्यांना सारखं बोर्ड, सारखा पंखा, आणि जो सर्वांत वर नेईल तो जिंकला. दर वर्षी भांडणही होतं, की अमक्यानं निवडून निवडून आणलेला आणला. यंदाच्या सभेत पुन्हा तेच सुरू झालं. मॉलच्या व्यवस्थापक बू रेत्नानिंग्सिह प्रत्येक वाक्य "तत्त्वतः" म्हणून उघडतात आणि मग बंद करायला विसरतात. "तत्त्वतः समान संधी ही जी गोष्ट आहे, ती तत्त्वतः..."

सात वर्षांत पहिल्यांदा बुलिकनं सभेत हात वर केला.

"सीलबंद खोकी घ्या. एकाच दुकानातून. चिठ्ठ्या टाकून वाटा आणि मंचावरच फोडा."

"कुठल्या दुकानातून?" कुणीतरी विचारलं.

"'पुंचाक'मधून. मोठं दुकान आहे."

पाक बास्कोरोनं घसा साफ केला. "कुलूपबाई एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मोकळेपणानं काहीतरी बोलल्या, नाही का?" सभा हसली. बुलिकही हसली. आई म्हणते, बुलिक हसली तेव्हाच आपल्याला भीती वाटली.

रविवारी अकरा वाजता तळमजल्यावर बारा टेबलं लागली. अकरा स्पर्धक बाहेरचे आणि बारावी बुलिक. चिठ्ठ्या निघाल्या, खोकी वाटली गेली, बाराही जणांनी एकदम सील फोडलं. पेस्टच्या नळ्या उघडल्या, तेवढ्यात बुलिक म्हणाली, "थांबा. पेस्ट लावायच्या आधी नंबर वाचायचा. झाकणावरचा आणि खोक्यावरचा."

"तत्त्वतः हे नियमात..." बू रेत्नानिंग्सिह.

"नियमात नाही. पण दोन मिनिटांचं काम आहे."

पाक बास्कोरो माइक घेऊन पुढं आला. त्याला वाटलं ती पुन्हा पेस्ट शोधतेय, आणि पेस्ट तर दोनदा पुसलेली. "बाई, तुमचं मन इतकं संशयी का हो? नंबर जुळले तर काय कराल?"

"जिन्याजवळची माझी जागा तुम्हाला. आजच सोडते."

त्या जागेवर त्याचा तीन वर्षांपासून डोळा होता हे पार्किंगवाल्यालाही माहीत होतं. आईनं माझा हात इतका दाबला की नखं उमटली. ती जागा गेली तर बुलिकला परवडेल अशी दुसरी त्या इमारतीत नव्हती, आणि बाहेर तिला कुलूपबाई म्हणूनही कुणी ओळखत नव्हतं.

"आणि नाही जुळले तर?" पाक हसत हसत माइकवरून.

"तर माझं टेबल तुमच्या दारात. मला पाहिजे तोवर."

"या की, आपलंच दुकान, नाही का?"

पहिला होता मालांगहून आलेला सेतो, दाताच्या कॉलेजातला. त्यानं झाकण डोळ्यांपाशी नेऊन एकेक अक्षर वाचलं, मग खोक्यावरचं. जुळलं. दुसऱ्या टेबलावरही जुळलं. पाकनं माइक बुलिकच्या तोंडासमोर धरला, तिनं तिसऱ्या टेबलाकडं बोट दाखवलं. आईनं डोळे मिटून घेतले.

तिसऱ्या टेबलावरच्या बाईनं वाचलं, थांबली, पुन्हा वाचलं. "हा नंबर माझ्या खोक्यावर नाही."

"नीट बघा," पाक म्हणाला.

"अहो, माझे डोळे चांगले आहेत. शेवटी चार-सात-एक आहे."

"चार-सात-एक माझ्या खोक्यावर आहे," नवव्या टेबलावरून एक जाडा माणूस म्हणाला. "तुमच्या खोक्यावर काय आहे?"

"शून्य-दोन-आठ."

"ते इकडं, माझ्या झाकणावर," पाचवा ओरडला.

मग काय, लग्नं जुळवायला बसल्यासारखी बारा टेबलं एकमेकांत मिसळली. तुझी नवरी माझ्याकडं, माझी त्या कोपऱ्यात. जो तो खोकं घेऊन फिरतोय. दोन सोडून दहा चुकीचे निघाले, आणि दहाच्या दहा जोड्या त्याच मंचावर लागल्या. बाहेरून चुकून आलेला एकही नंबर नव्हता. म्हणजे ही दहा खोकी एकाच टेबलावर, एकाच वेळी उघडली गेली होती, हे समजायला कुणाला समजावून सांगावं लागलं नाही. जाडा माणूस मोठ्यानं म्हणाला, "आम्हाला काय चोखून टाकलेल्या कोयी दिल्या काय?"

"गोदामात काहीतरी गडबड झाली असेल, नाही का?" पाक म्हणाला. या वेळी खरंच विचारल्यासारखं.

बुलिकनं त्याच्या हातातला माइक घेतला. आम्हाला वाटलं आता ती सगळं बोलणार, सात वर्षांचं. ती म्हणाली, "टेबल दाराच्या डावीकडं ठेवू की उजवीकडं?"

सोमवारी तिनं टेबल उजवीकडं ठेवलं. वर एक भिंग, एक कापूस, स्पिरिटची बाटली. 'पुंचाक'मधून खोकं घेऊन बाहेर पडणाऱ्याला ती म्हणायची, "या, वाचून देते." पैसे घ्यायची नाही. पहिल्या आठवड्यात परत करणाऱ्यांची रांग दाराबाहेर गेली. पाक बास्कोरो प्रत्येकाला हसून दुसरं खोकं देत होता आणि त्याचा आवाज रोज थोडा कमी गुळाचा होत चालला होता. मी घरी दिवसागणिक त्याची नक्कल करून दाखवायचे. बुलिक दोनदा करायला लावायची.

तिसऱ्या आठवड्यात नंबर जुळायला लागले. सगळे.

दुसऱ्या महिन्यात गर्दी वाढली. मालांगहून, ग्रेसिकहून लोक येत होते. त्यांना कळलं होतं की या एकाच दुकानात दारातच नंबर वाचून मिळतो. पाकनं वर पाटी लावली: 'येथे प्रत्येक प्रोसेसरचा नंबर तुमच्यासमोर जुळवून मिळेल.' बाण बुलिकच्या डोक्यावर. एका दुपारी तो स्वतः शहाळ्याचं सरबत घेऊन बाहेर आला, बर्फ घालून.

"घ्या बू. ऊन फार आहे. मंडळी, या आमच्या बू तुमिनी. आमच्याकडं यांच्या नजरेखालून गेल्याशिवाय काही बाहेर जात नाही, नाही का?"

तिला मॉलमध्ये आता कुलूपबाई कुणी म्हणत नव्हतं. नंबरवाल्या बू म्हणायचे. शाळाही विचारायला यायला लागल्या होत्या. आई म्हणाली, "बघ, नाव धुतलं गेलं. आता सोड."

"धुतलं गेलं ते त्याचं," बुलिक म्हणाली. "'आमच्या' म्हणाला मला. ऐकलंस ना? आमच्या."

सरबताचा ग्लास तिनं शेजारच्या कुंडीत ओतला. तीन दिवस ती नंबर वाचत राहिली. चौथ्या दिवशी, शनिवारी दुपारी, दुकान गच्च असताना ती उठली. भिंग पिशवीत टाकलं, कापूस टाकला, आणि मला म्हणाली, "नदुक, पोरी, तिकडून धर." आम्ही दोघींनी टेबल उचललं आणि बंद पडलेल्या सरकत्या जिन्यावरून वर नेलं. ती कुणाला काही बोलली नाही. मागं वळूनही बघितलं नाही.

वर पोचेपर्यंत एक जण मागोमाग आला. "बू, तुम्ही तिथून का उठलात?"

"उठले," बुलिक म्हणाली.

"काही निघालं का पुन्हा?"

"मी काय बोलणार?"

तो अर्ध्या जिन्यावरून खाली गेला आणि वाटेत भेटलेल्या दोघांशी काहीतरी बोलला. ते तिथूनच वळले.

आठवड्याभरात सगळ्यांनी विचारलं. पार्किंगवाल्यानं, भजीवालीनं, ग्रेसिकच्या कॅफेवाल्यांनी. ती प्रत्येकाला तेच सांगायची, पाणी हवंय का विचारावं तितक्या सहज: "मी काय बोलणार?" आई म्हणाली हे पाप आहे. बुलिक म्हणाली, खोटं एक अक्षर दाखव. आईला दाखवता आलं नाही.

पुढच्या मंगळवारी पाक बास्कोरो स्वतः जिना चढून वर आला. तिच्या टेबलापाशी येऊन त्यालाही दम खायला थांबावं लागलं.

"बू, तुम्हाला माहिताय आता सगळे नंबर जुळतात."

"माहिताय की."

"मग लोकांना सांगा ना. एवढंच. एक वाक्य."

"पाक, मी कुठं म्हटलं जुळत नाहीत?"

"तुम्ही काहीच म्हणत नाही. त्यानंच तर..." तो थांबला. नाही का, म्हणायचं राहूनच गेलं. "पाटी काढू का मी? डावीकडं ठेवा टेबल, उजवीकडं ठेवा, भाडं मी भरतो."

बुलिकसमोर एक बाई बसली होती, मुलाच्या शाळेसाठी संगणक घ्यायला आलेली. बुलिकनं कपाटातून बंद प्रोसेसरचं खोकं काढलं आणि तिच्यापुढं सरकवलं. "पंखा आतच आहे," ती तिला म्हणाली. "तुम्हीच फोडा."

पाक कठडा धरून उतरायला लागला.

खाली 'पुंचाक'च्या दाराशी कॉलेजातले चौघं उभे होते. एक आत जायला निघाला, दुसऱ्यानं त्याची बाही धरली, वर आमच्याकडं बोट दाखवलं, काहीतरी कुजबुजला. चौघंही समोरच्या दुकानात शिरले.

"किती गेले?" बुलिकनं मान वर न करता विचारलं.

"चार."

"मोजत राहा," ती म्हणाली.